पहिली धार

पांढरीमावशीचं खरं नाव गल्लीतल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. जन्मभर तिने पांढरंच धुतलं. इस्पितळाच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. कोणी रंगीत कपडा घेऊन आलं तर ती म्हणायची, "बाई, रंगाचं आणि माझं जमत नाही. माझ्या हाताला लागला की तो लाजून निघून जातो." म्हणून आधी पांढरी, आणि वय झाल्यावर पांढरीमावशी. शेवटी केसही नावाला जागले.

तिचं घर म्हणजे खाली एक खोली, वर एक खोली आणि त्यावर गच्ची. खाली हौद आणि चादरी उकळायचं मोठं पातेलं, वर खाट, पेटी आणि इस्त्रीचं टेबल, गच्चीवर दोऱ्या. कठड्यापलीकडे खाडी होती आणि खाडीपलीकडे खारफुटीचं रान. नवरा फार लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. घरात बोलायला कोणी नसलं की माणूस वस्तूंशी बोलायला लागतो. मावशी पातेल्याला "अगं" म्हणायची आणि इस्त्रीला "अहो", कारण इस्त्री जड होती आणि तापट होती.

चादरीची घडी हे मात्र एकट्याचं काम नव्हे. दोन टोकं एकाने धरायची, दोन दुसऱ्याने. ताणायची, झटकायची, मग एकमेकांकडे चालत यायचं, टोकं टोकांना द्यायची आणि पुन्हा लांब जायचं. लहानपणी ती आईबरोबर घडी घालायची. आई गेली तेव्हा भाऊ एवढासा होता. तिने त्याला वाढवलं, आणि हात पुरायला लागल्यावर त्याच्या हातात टोकं दिली. तो दरवेळी जवळ आला की चादरीत तोंड खुपसायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, "ताई, उन्हाचा वास." ती त्याच्या डोक्यात टपली मारायची. "पुरे, शेंबूड लागेल. रोगी आधीच आजारी आहेत."

भाऊ घर सोडून पलीकडे गेला तेव्हा तिने गच्चीच्या दाराशी जिन्याच्या भिंतीत दोन खिळे ठोकले, एक डावा हात, एक उजवा. चादरीची दोन टोकं खिळ्यांना अडकवायची आणि दोन स्वतः धरायची. खिळे कधी दमत नाहीत, कधी टोकं सोडत नाहीत. फक्त चालत जवळ येत नाहीत.

भावाला सगळे वाफ्या म्हणत. ती त्याला धाकल्या म्हणायची, तो पन्नाशी ओलांडून गेला तरी.

वाफ्याचा धंदा काय होता हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. जमिनीखालून कच्च्या तेलाची मोठी नळी जाते, ती कोणीतरी कुठेतरी फोडतं, आणि ते काळं तेल होड्यांतून खारफुटीत येतं. तिथे लोखंडी पिंपांत ते शिजवायचं. पिंपाच्या तोंडातून नळी निघते, पाण्याच्या लाकडी डोणीतून जाते, आणि आतली वाफ थंड होऊन दुसऱ्या टोकाला थेंब थेंब उतरते. आधी पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल, खाली उरतं ते डांबर. कायद्याला हे मान्य नाही. पण नळी गावाखालून जात होती आणि गावात दिव्याला तेल मिळत नव्हतं. अशा ठिकाणी कायदा बराच काळ चुलीपर्यंत पोचत नाही.

पहिल्यांदा उतरतं ते पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, पण ठिणगी लांबून पाहिली तरी पेटतं. ते रॉकेलात मिसळलं तर दिवा हातात भडकतो. म्हणून ती पहिली धार तोडायची, लांब खड्ड्यात ओतायची आणि जाळून टाकायची. कोणी धगीत थेंब टाकून पाहायचं, कोणी तळहातावर घेऊन. वाफ्या नाकाने तोडायचा. नळीच्या तोंडाशी उकिडवा बसून हुंगायचा आणि एका क्षणी भांडं बदलायचा. तो क्षण कधी चुकला नाही. तरुणपणी तो छाती काढून सांगायचा, "दारूच्या भट्टीत पहिल्या धारेला मान, तेलाच्या भट्टीत पहिल्या धारेला खड्डा. एवढं ज्याला कळलं तो जगला."

बहीणभावाचं फाटलं ते काजळीवरून. भट्ट्या वाढल्या तशी वारा इकडे फिरला की खाडीवरून काजळी यायची. दोऱ्या पुसून घेतल्या तरी चादरींवर बारीक काळे ठिपके पडायचे. एकदा इस्पितळाने गाठोडंच्या गाठोडं परत पाठवलं. मावशी तडक होडीत बसून पलीकडे गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्या भट्टीने माझ्या पोटावर पाय दिला."

"आणि आजवर त्या पोटात काय गेलं?" वाफ्या म्हणाला. "गच्चीचा स्लॅब कोणाच्या तेलातून पडला? हौद कोणाच्या?"

खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. तिने त्याच दिवशी घरातला रॉकेलचा डबा होडीवाल्याच्या हाती परत धाडला. भावंडांचं भांडण म्हणजे पाण्यावरची रेघ म्हणतात. पण त्या खाडीच्या पाण्यावर तोवर तेलाचा थर आला होता, आणि तेलावरची रेघ लवकर मिटत नाही. वर्षं गेली. लहानपणी याच खाडीत वाकलं की आपला चेहरा दिसायचा, खेकडे पायाखालून पळायचे, आई काठावरच्या दगडावर धुणं आपटायची. आता दगड काळा होता आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हतं.

बोलणं थांबलं तरी पाहणं थांबलं नाही. रोज सकाळी मावशी पहिली बादली घेऊन गच्चीवर आली की आधी पलीकडे बघायची. वाकड्या झाडाच्या डावीकडचा धूर तो वाफ्याचा. आधी एक पांढरा झोत उठायचा, खड्ड्यातली पहिली धार जळायची ती. तो झोत बराच वेळ राहायचा. मग तो विझून काळा, जाड धूर सुरू व्हायचा. पांढरा झोत दिसला की ती स्वतःशी म्हणायची, "उठला." आणि दोरीवर पहिली चादर टाकायची. भाऊ जिवंत असल्याची एवढीच खूण तिच्याजवळ होती, आणि तीच खूण तिच्या चादरी काळ्या करत होती. कोणाला सांगावं तर लोक हसले असते, म्हणून तिने ते कोणाला सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यापासून तो झोत लवकर विझायला लागला. उठतो न उठतो तोच काळा धूर. तिला वाटलं, म्हातारा झाला, घाई करतो.

त्याच सुमारास चादरींवर पिवळे डाग वाढले. भाजल्यावर लावायच्या मलमाचे डाग ती लांबूनही ओळखायची. ते थंड पाण्यात निघत नाहीत, आणि गरम पाण्यात टाकले तर कायमचे बसतात. एकदा तिने इस्पितळातल्या सिस्टरला विचारलं, "बाई, इतके डाग कसे हो? स्वयंपाक करायला विसरली का माणसं?"

"दिवे भडकतात, मावशी," सिस्टर म्हणाली. "रॉकेलमध्ये पेट्रोल उतरतंय कुठल्यातरी भट्टीतून. काल आपली कोपऱ्यावरची भाजीवाली आली. दोन्ही हात. कढीपत्ता फुकट द्यायची ना, तीच."

मावशीने गाठोडं बांधलं आणि गाठ दोनदा मारली. पलीकडे भट्ट्या बऱ्याच होत्या. कोणाची असेल कोणाची, असं ती वाटभर स्वतःला सांगत राहिली.

मग एका सकाळी नवा साहेब तिच्या गच्चीवर आला. खाडीकाठच्या भट्ट्यांचा बंदोबस्त करायला वरून पाठवलेला, किडकिडीत, सतत खोकणारा. जिना चढून दम लागला म्हणून तो आधी कठड्याला टेकला.

"बसा," मावशी म्हणाली. "दोरीखाली नको, डोक्यावर गळेल."

"मावशी, वाफ्या तुमचा भाऊ ना?"

"आम्ही बोलत नाही."

"भांडण कशावरून?"

"चादरीवरून."

साहेबाने वर लटकणाऱ्या चादरींकडे पाहिलं, कॉलरवर पडलेला काळा ठिपका झटकायला गेला आणि तो पसरला. "झटकायचं नसतं," ती म्हणाली, "फुंकायचं असतं."

तो हसला. मग त्याने समजावून सांगितलं. सरकार खाडीच्या अलीकडे एक छोटा परवान्याचा कारखाना काढणार होतं. भट्टीवाल्यांनी आपली पिंपं आणून द्यायची आणि तिथे कामाला लागायचं. तेल सरकार देणार, मोजमापाची यंत्रं असणार, धूर उंच नळकांड्यातून जाणार. जे येणार नाहीत त्यांच्या भट्ट्या महिनाअखेरीला जवान जाऊन जाळणार.

"कारखाना कधी?" तिने विचारलं.

साहेब थोडा वेळ खोकला. "खरं सांगू? वरून दोन हुकूम आलेत. जाळायच्या हुकमावर तारीख आहे. कारखान्याच्या हुकमावर नाही."

"मग उलटं झालं, साहेब. लहान पोराच्या हातातली सुरी काढायची तर आधी दुसऱ्या हातात खेळणं द्यावं लागतं. नुसती हिसकली की बोटं कापतात. त्याचीही, आपलीही."

"मी तेच लिहून पाठवलंय. सुरीचं नाही लिहिलं, पण तेच." तो उठला. "तुमचा भाऊ सगळ्यांत जुना. तो निघाला तर आणखी काही निघतील. आणि नाही निघाला तर... आग लागली की ती कोण झोपडीत आहे ते विचारत नाही, मावशी. मला कोणाचं प्रेत उचलायचं नाहीये."

तो गेल्यावर तिने पेटी उघडली. तळाशी वाफ्याचा जुना पांढरा शर्ट होता, त्याने घर सोडलं तेव्हा दोरीवर राहिलेला. भांडलेल्या माणसाच्या दारात रिकाम्या हाताने कसं जायचं? तिने तो पुन्हा धुतला, वारा पलीकडे जात होता त्या दिवशी कडक उन्हात वाळवला, इस्त्री केली आणि स्वच्छ अभ्र्यात गुंडाळला.

होडीवाल्याने गाठोडं पाहून डोळे मिचकावले. "काय मावशी, पांढरं निशाण घेऊन निघालात?"

"तह करायचाय. तू वल्हव."

"लवकर करा. लांब्या गेल्यापासून वाफ्या भट्टीशीच बोलत बसतो."

लांब्या म्हणजे वाफ्याचा कैक वर्षांचा जोडीदार. "कुठे गेला तो?"

"लेकीकडे, शहरात. हिवाळ्यात गेला. म्हणाला, नातवंडं माझ्या अंगाला वास येतो म्हणून जवळ येत नाहीत, आता धुऊन धुऊन तो घालवतो." होडीवाला मान हलवून हसला. "तुमच्याकडेच पाठवायला हवं होतं त्याला."

उतरताना मावशीच्या लक्षात आलं, होडीच्या तळाशी डिझेल साचलं होतं आणि गाठोड्याची एक बाजू त्यात बुडाली होती. अभ्रा सोडून पाहिलं तर शर्टाच्या छातीवर तळव्याएवढा पिवळट डाग, आणि घाण असा भपकारा. तिला रडूच आलं. "मेल्या, होडी आहे का कंदील?" ती होडीवाल्यावर ओरडली. पण आता परत कुठे जाणार? डाग आत येईल अशी घडी घालून ती चिखलातून निघाली.

पलीकडे ती कैक वर्षांत आली नव्हती. चिखल काळा, झाडांचे बुंधे काळे, आणि पानं नुसती आठवणीपुरती. वाफ्या डोणीत पाणी ओतत होता. पाठ वाकली होती, भुवयांवर केस नव्हते, बोटं करपून चामडं झालेली.

"ये," तो म्हणाला, जणू काल संध्याकाळीच भेट झाली होती. "चहा टाकतो."

चहाला रॉकेलचा वास होता. तिने तो प्यायला. मग साहेबाचं सगळं बोलणं सांगितलं. वाफ्याने मध्ये तोंड घातलं नाही. संपल्यावर म्हणाला, "सरकारचा कारखाना म्हणजे सासूचं कौतुक. ऐकायला गोड, हाताला काही लागत नाही. आणि आपण तिथे झाडू मारायचा?"

"इथे जळून मरण्यापेक्षा बरा."

"ताई, मी या धगीसमोर जन्म काढला. लोक अजून माझं तेल विचारून घेतात. का? माझ्या रॉकेलाने आजवर कोणाची वात भडकली नाही. हे साहेबाला सांग."

तिच्या डोळ्यांसमोर पिवळे डाग आले. पण भावाचा स्वभाव तिला ठाऊक होता, ढकललं की खुंटा व्हायचा. तिने गाठोडं पुढे केलं. "हे तुझं राहिलं होतं."

वाफ्याने शर्ट उघडला. मग तोंड वळवलं, पण वळवता वळवता लहानपणी करायचा तेच केलं. शर्टात तोंड खुपसलं, अगदी त्या डागावर, डोळे मिटले, छातीभर श्वास घेतला.

"ताई," तो म्हणाला, "अजून तोच वास गं. उन्हाचा."

शर्टाचा भपकारा मावशीला तेवढ्या अंतरावरून येत होता. मग ती उठली, तयार रॉकेलच्या डब्याजवळ गेली, झाकण काढून वाकली. वर आला तो वास रॉकेलचा नव्हता. टोकदार, गोडसर, डोक्यात चढणारा. खड्ड्यात जायला हवी होती त्या पहिल्या धारेचा. गच्चीवरून दिसणारा झोत लवकर का विझतो ते तिला तेव्हा कळलं.

झाकण लावून ती परत येऊन बसली. मग म्हणाली, "तिथे नाक लागत नाही, धाकल्या."

"कुठे?"

"कारखान्यात. काचेची नळी असते म्हणे, त्यात पारा चढतो. पाऱ्याकडे बघून धार तोडायची. नाकाचं काम नाही."

वाफ्याचा हात शर्टावर थांबला. पिंपाखाली एक लाकूड तडकलं.

"शर्टावरून कळलं?" त्याने विचारलं.

"होडीत डिझेल लागलं होतं त्याला."

तो हसल्यासारखा झाला. "आणि मी ऊन हुंगलं."

"कधीपासून?"

"ते कळत नाही गं. डोळे गेले की अंधार होतो, कान गेले की लोक ओरडून बोलतात. नाक जातं तेव्हा काहीच होत नाही. एकदा लांब्या लांबून ओरडत आला, दूध करपलं, दूध करपलं, आणि मी पातेल्याशेजारीच बसलो होतो. मग धार तोच तोडायचा. मी नुसता उकिडवा बसायचो, लोकांना दिसायला." त्याने शर्टाची बाही सरळ केली, पुन्हा मोडली. "तो गेल्यावर अंदाजाने. हातालाही कळत नाही आता, हे बघ. वाटायचं, इतकी वर्षं केलंय, जमेल." मग तिच्याकडे न बघता, "कोणाला काही..."

आई गेली तेव्हा तिने त्याला सांगितलं होतं की आई मोठं धुणं घेऊन लांब गेलीय, वाळलं की येईल. तसं काही आजही सांगता आलं असतं.

"भाजीवालीचे हात," ती म्हणाली. "शाळेच्या पहारेकऱ्याची मान. आणखी आहेत. चादरी माझ्याकडेच येतात."

वाफ्या उठला. पिंपाखालची जळती लाकडं एकेक ओढून त्याने चिखलात विझवली. मग तयार डबे उचलून लांबच्या खड्ड्यात ओतले, सगळे, आणि दुरून पेटता बोळा फेकला. झोत झाडांच्या वर गेला. दोघं पाहत उभी राहिली. शेजारच्या भट्टीवरून कोणीतरी ओरडलं, "वाफ्या, दिवाळं काढलंस का रे?" निघताना वाफ्याने फक्त तांब्याची नळी काढून खांद्यावर घेतली. होडीवाल्याने ती पाहिली आणि पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नाही.

वाफ्याच्या मागोमाग थोडे निघाले, बरेच राहिले. महिनाअखेरीला जवान गेले आणि भट्ट्या जाळल्या. साठवलेल्या तेलासकट जाळल्या, त्यामुळे पिंपं फुटली, आग पाण्यावरून सरकत गेली, आणि उरलंसुरलं रानही करपलं. कोणी मेलं नाही, साहेबाने आधी झोपडी न् झोपडी रिकामी करवली होती. पण काजळी इतकी पडली की मावशीने चादरी खालच्या खोलीत वाळवल्या आणि त्यांना कुबट वास लागला. एवढ्या वर्षांत भट्ट्यांनी जेवढी काजळी धाडली नव्हती तेवढी त्या एका आठवड्यात सरकारने धाडली. पुढे साहेबाची बदली झाली. जाण्याआधी तो गच्चीवर येऊन गेला. "कारखान्याची जागा ठरलीय," एवढंच म्हणाला, आणि कॉलरवरचा ठिपका फुंकून उडवला.

जागेला कुंपण पडलं. बोर्ड लागला. वाफ्या रोज सकाळी तिथवर चालत जायचा, बोर्ड जागेवर असल्याची खात्री करून परत यायचा. "काय म्हणतो कारखाना?" मावशी विचारायची. "रंग दिलाय पुन्हा," तो सांगायचा, किंवा, "आज बोर्डावर कावळा होता. नेमणूक झालेली दिसते."

संध्याकाळी दोघं घडी घालायची. त्याच्या जाड बोटांतून टोकं निसटायची, तरी तो चालत जवळ यायचा. भिंतीतले खिळे रिकामे झाले. एकावर तिने किल्ली अडकवली, दुसऱ्यावर काहीच नाही. पण बोलायची सवय दोघांचीही मोडली होती. जेवताना तिने विचारावं, "कसं झालंय?" आणि मग जीभ चावावी. त्याला मीठ कळायचं, बाकी काही नाही. दोन एकटी माणसं एका घरात आली म्हणजे एकटेपणा निम्मा होतो असं नाही. तो खोल्या वाटून घेतो. तिचा खाली हौदापाशी असायचा, त्याचा वर कठड्यापाशी.

आणि तिची सकाळची खूण गेली. पहिली बादली घेऊन आली की नजर सवयीने पलीकडे जायची. आकाश स्वच्छ. इतकं स्वच्छ की चादरी बर्फासारख्या निघायच्या. भाऊ पाठीशी बसलेला असायचा, तरी तिला उगाच चुकल्यासारखं व्हायचं.

पावसाळा सरला तसा वाकड्या झाडाजवळ पुन्हा धूर दिसला. मग त्याच्या पलीकडे आणखी. जमिनीखालची नळी तिथेच होती, दिवे तसेच रिकामे होते, कारखान्याला बोर्डाखेरीज काही नव्हतं. होडीवाल्याने सांगितलं, नवी माणसं आहेत, जुनी फुटकी पिंपं ठोकून ठोकून बसवलीत. बदलीवर आलेला साहेब गच्चीवर येत नसे. तो म्हणे, पुन्हा जाळू.

एका सकाळी मावशी चादर टाकत होती आणि वाफ्या कठड्याला रेलून पलीकडे पाहत होता. पांढरा झोत उठला आणि उठता उठताच विझला.

"लवकर तोडतात," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी झोत विझला तेव्हा त्याने आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. मग खोलीत गेला, तो पांढरा शर्ट घालून आला. डाग तिने खूप प्रयत्न केले तरी गेला नव्हता.

"कुठे?"

"सांगून येतो त्यांना. थोडं थांबा म्हणावं, आणखी थोडं, मग भांडं बदला."

"जवान येतील. तुलाही धरतील."

"मी काही पेटवायला जात नाही."

"आणि तुझं ऐकणार कोण? त्यांना नाकं आहेत."

"म्हणूनच ऐकवायला हवं," वाफ्या म्हणाला. "नाक आहे त्याला वाटतं आपल्याला कळतं."

ती त्याला थांबवू शकली असती. तोंडात शब्द होते. पण इस्पितळातून आलेलं गाठोडं जिन्यात पडलं होतं, आणि त्यात काय असेल ते तिला न सोडताही माहीत होतं.

"परत ये," ती म्हणाली.

"येतो. घडीला ठेव थोड्या."

होडी गेली. दुपारपर्यंत तिने धुणं उरकलं. वाळलेल्या चादरी काढल्या, खिळ्यावरची किल्ली उतरवून पदराला बांधली, आणि दोन टोकं पुन्हा खिळ्यांना दिली. ताणली, झटकली, स्वतःच चालत गेली, टोकं जुळवली. मध्येमध्ये पलीकडे बघत होती.

वाकड्या झाडाजवळ झोत उठला. तिच्या हातात चादर तशीच राहिली. आता विझेल, म्हणून ती बघत होती. विझला नाही. तिने एक घडी पुरी केली, वर पाहिलं, होता. दुसरी चादर अडकवली, ताणली, पाहिलं. अजून होता, पांढरा, सरळ, वाऱ्याने जरासा इकडे झुकलेला.

"पोचला," मावशी म्हणाली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की ऐकायला कोणी नाही.

बऱ्याच वेळाने झोत विझून काळा धूर सुरू झाला. वारा फिरला होता, आता काजळी येणार होती. तिने भराभर सगळं आवरलं. शेवटची चादर मात्र तिने खिळ्यांना दिली नाही. ती आतल्या दोरीवर नुसती टाकून ठेवली, आणि होडीची वाट बघत जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली.